फडापासून मुलाखतीपर्यंत : बालाघाटातील कामाचे शिक्षण आणि स्वमग्न तरुण

महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करत आलेल्या स्वमग्न विद्यार्थ्यांना नोकरीसाठी तयार करताना विषयज्ञानाच्या जोडीने सामाजिक कौशल्यांचे, म्हणजे वरिष्ठांशी बोलणे, अडल्यावर मदत मागणे, सहकाऱ्यांच्या गप्पांत आपली पाळी ओळखणे, न उच्चारलेली सूचना समजून घेणे यांचे स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे, हा विचार गेल्या अर्धशतकातला आहे. परंतु ज्या गरजेतून तो निघाला तिचा इतिहास त्याहून जुना आहे आणि तो रोगनिदानाच्या इतिहासापेक्षा श्रमाच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसतो. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता असून ती आयुष्यभर सोबत राहते. तीत संवादाची आणि परस्परसंबंधांची रीत वेगळी असते, ठरावीक क्रमाची ओढ तीव्र असते, आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जाणीव इतरांहून कमी किंवा अधिक असते, आणि बुद्धिमत्ता मात्र कोणत्याही पातळीची असू शकते. अशी व्यक्ती कामाच्या जगात सामावली जाते की नाही, हे केवळ तिच्या स्वभावावर अवलंबून नसून त्या जगात काम कोठे, कोणाकडून आणि कोणत्या रीतीने शिकवले जाते यावरही अवलंबून असते, आणि या दुसऱ्या बाजूचा विचार करण्यास मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा विशेष उपयोगी आहे, कारण तेथे हाताने शिकण्याचे जुने व्यवसाय आणि प्रमाणपत्राने मिळणाऱ्या नव्या नोकऱ्या आजही शेजारी शेजारी नांदतात.

भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ मध्ये इंग्रज राजवटीने बालाघाट जिल्हा घडवला आणि वैनगंगेच्या काठच्या बुढा या गावी त्याचे मुख्यालय ठेवले. पुढे गावालाही जिल्ह्याचेच नाव मिळाले. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेरी, न्यायालय, दवाखाना आणि उच्च शिक्षण या सर्वांसाठी जिल्ह्याचे तोंड दक्षिणेकडेच राहिले, आणि १९०३ ते १९०५ या काळात बंगाल नागपूर रेल्वेने गोंदिया, बालाघाट, नैनपूर आणि जबलपूर यांना जोडणारा अरुंद रूळमार्ग टाकला तेव्हा हे नाते अधिकच पक्के झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमा कागदावर बदलली, तरी लांजी, किरनापूर, कटंगी, वारासिवनी या पट्ट्यातील पोवारी आणि मराठी बोलणाऱ्या घरांचे लग्नसंबंध, बाजारहाट आणि औषधोपचार गोंदिया-नागपूरशीच जोडलेले राहिले.

या जिल्ह्यातील जुन्या व्यवसायांची रचना बारकाईने पाहिली, तर कामाबरोबर त्या कामातले बोलणेही कसे शिकवले जात असे ते कळते. उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होणारे तेंदूपत्ता संकलन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. कुटुंब पहाटे जंगलात जाते, पाने तोडते, घरी आणून पन्नास पन्नास पानांची एकेक गड्डी बांधते आणि संध्याकाळी फडावर, म्हणजे गावच्या संकलनाच्या जागी, ती मोजून देते. अशा एक हजार गड्ड्यांची एक मानक बोरी धरली जाते. १९६४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तेंदूपत्त्याचा व्यापार कायद्याने आपल्या नियंत्रणाखाली घेतल्यावर ठेकेदाराच्या जागी शासनाची यंत्रणा आली, परंतु पान, गड्डी, बोरी हा मोजण्याचा क्रम टिकला. येथे चांगले काम म्हणजे काय हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नसते: पान फाटके नसावे, गड्डीत पाने पुरी असावीत, बांधणी घट्ट असावी. फडावरचा मुन्शी गड्ड्या मोजतो, नोंद करतो, आणि देणाऱ्याने त्याच्याशी गोड बोलावे किंवा त्याच्या डोळ्यांत पाहावे अशी त्या व्यवहाराची अट नसते.

बिडी वळण्याचे कामही असेच आहे. भिजवलेले पान साच्यावर ठेवून कात्रीने कापायचे, त्यात तंबाखू सारखी पसरायची, पान वळून तोंड मोडायचे आणि दोरा गुंडाळायचा, या हालचाली मूल आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसून उचलते, आणि मजुरी हजार बिड्यांच्या दराने ठरलेली असते. कच्चा माल देणारा आणि तयार माल नेणारा सट्टेदार हा या व्यवसायातील मध्यस्थ असून तो खराब ठरवलेली बिडी छाट म्हणून बाजूला काढतो. या छाटीत मजुरांची पिढ्यान्पिढ्या लूट झाली आणि तिला लगाम घालण्यासाठी १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा करावा लागला, ही गोष्ट विसरता येत नाही. तरीही शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर घरच्या ओसरीवर चालणाऱ्या या कामात शिकणाऱ्याला अनोळखी माणसांसमोर स्वतःला सिद्ध करावे लागत नसे. सट्टेदाराशी बोलण्याचे काम घरातले कोणीतरी एक करी, आणि बाकीच्यांच्या हातांना त्या बोलण्याचे ओझे नसे.

वारासिवनीच्या कोष्ट्यांच्या मागावर ताणा लावणे, कांड्या भरणे, नक्षी धरणे ही कामे घरात वाटली जात. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या शेतीत रोवणीच्या ओळीत प्रत्येकाची जागा ठरलेली असे. भरवेलीच्या मँगनीज खाणीत मात्र चित्र वेगळे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्यातील मँगनीज जगाच्या बाजारात जाऊ लागले, लुईस ली फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरील आपल्या विस्तृत ग्रंथात या पट्ट्याची नोंद घेतली, आणि कालांतराने, १९६२ मध्ये, भरवेली, उकवा, तिरोडी या खाणी ज्या कंपनीच्या हाती आल्या ती मॉईल स्थापन झाली. खाणीने जिल्ह्याला प्रथमच मोठ्या प्रमाणावर पाळी, भोंगा, हजेरीपट आणि मुकादम दिले. काम शिकवणारा आता नातलग राहिला नाही, आणि कामाच्या जागी दिलेली आज्ञा तोंडी, घाईची, गोंगाटात उच्चारलेली असू लागली. सामाजिक कौशल्य ही कामाची वेगळी अट होण्याची सुरुवात या जिल्ह्यात कचेरीच्याही आधी खाणीच्या फाटकावर झाली, असे म्हणावयास जागा आहे.

या जुन्या व्यवस्थेचा गौरव करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. जातीने ठरवलेला व्यवसाय म्हणजे निवडीचा अभाव होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिजमातींवरील ग्रंथात मध्य प्रांताचे जे चित्र दिसते, त्यात माणसाचे काम त्याच्या जन्माबरोबरच ठरून गेलेले आहे. शिवाय ज्याचे वागणे घराच्या आणि गावाच्या सहनशक्तीपलीकडे जाई त्याला कोंडून ठेवणे, देवाधर्माच्या ठिकाणी नेऊन सोडणे किंवा वेड्यांच्या इस्पितळात पाठवणे हेच मार्ग उरत. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे आहे, आणि १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याने जन्मजात बौद्धिक न्यूनता आणि मनोविकार यांना एकाच व्याख्येत बसवले होते, त्यामुळे ज्यांना आज स्वमग्न म्हटले जाईल अशा माणसांना सरकारदरबारी दुसरी कोणतीही ओळख मिळण्याची सोय नव्हती. जुन्या व्यवसायांतून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती मोलाची आहे: काम आणि कामातले वागणे ही दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी, ओळखीच्या माणसांच्या सोबतीने शिकली जात.

हे सूत्र शाळेत आणण्याचा एक मोठा प्रयत्न याच प्रांतात झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याची कल्पना मांडली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला, आणि रविशंकर शुक्ल यांनी मध्य प्रांतात विद्या मंदिर योजना पुढे आणली. नई तालीम या नावाने ओळखली जाणारी ही शिक्षणपद्धती अपंगांसाठी योजलेली नव्हती. परंतु ज्या मुलाला तोंडी उत्तर देता येत नाही पण सूत समान काढता येते त्यालाही वर्गात मानाची जागा देण्याची शक्यता तीत होती. स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गाने आपली मुले परीक्षेच्या आणि इंग्रजीच्या शाळांकडे वळवली, मूलोद्योगी शाळा गरिबांच्या शाळा ठरल्या आणि ही शक्यता वापरलीच गेली नाही. प्रांताच्या शिक्षणाच्या इतिहासातील हे मोठे नुकसान आहे.

त्याच सुमारास स्वमग्नतेची वैद्यकीय ओळख आकार घेत होती. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी १९४४ मध्ये तशाच स्वरूपाचे वर्णन केले. कॅनर यांच्या यादीतील पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे महाविद्यालयात गेला, १९५८ मध्ये मिल्सॅप्स महाविद्यालयातून फ्रेंच विषयाची पदवी घेऊन बाहेर पडला, आणि मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या आपल्या लहानशा गावातील बँकेत आयुष्यभर नोकरी करून २०२३ मध्ये वारला. त्याला सामाजिक कौशल्यांचा कोणताही अभ्यासक्रम शिकवला गेला नव्हता. बँक आईच्या घराण्याची होती, गाव त्याला लहानपणापासून ओळखत होते आणि त्याच्या सवयींना सरावले होते. पहिला नोंदला गेलेला स्वमग्न पदवीधर नोकरीत स्थिरावला तो नात्यागोत्याच्या आधाराने, हे बालाघाटच्या ओसरीवरील बिडीकामाशी जुळणारे आहे, आणि ज्याच्या नातलगांची बँक नाही त्याने काय करावे हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

मराठी मुलखात या प्रश्नाला पहिले संघटित उत्तर दिले ते बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शाळांनी. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची आणि पुण्याची कामायनी १९६४ ची. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये उभारलेल्या मातृ सेवा संघाने प्रसूतिसेवेपासून आरंभ करून पुढे अशा मुलांच्या शिक्षणाचेही काम अंगावर घेतले. शाळा संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर म्हणून संरक्षित कार्यशाळा आल्या, म्हणजे मेणबत्त्या, पाकिटे, कागदी पिशव्या, पणत्या अशा वस्तू बनवण्याची, बाजाराच्या स्पर्धेपासून दूर ठेवलेली केंद्रे. त्यांनी शेकडो कुटुंबांना आधार दिला. पण पदवीपर्यंत पोचलेल्या, आकडेमोडीत किंवा संगणकात तरबेज असलेल्या स्वमग्न तरुणासाठी ती जागा अपुरी होती, आणि १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ यांनी ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था सुरू केल्यानंतरच स्वमग्नता ही स्वतंत्र गरज असल्याचे देशात व्यापकपणे बोलले जाऊ लागले. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेले उम्मीद बालविकास केंद्र आणि पुण्यातील प्रसन्न ऑटिझम सेंटर ही त्यानंतरच्या पिढीतील कामे आहेत.

दरम्यान नोकरी मिळवण्याची रीतच बदलली होती. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सुरू झालेली सेवायोजन कार्यालये सर्वांना खुली झाली, १९५९ मध्ये रिक्त जागा कळवण्याचे बंधन कायद्याने आले, आणि त्याच वर्षी अपंगांसाठीचे देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडले. कार्यालयात नाव नोंदवणे, बोलावणे येणे, मुलाखतीला बसणे या मार्गाने माणूस अनोळखी लोकांपुढे काही मिनिटांत पारखला जाऊ लागला. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ मायकेल आर्गाइल यांनी १९६७ मध्ये ॲडम केंडन यांच्यासह असे मांडले की माणसांशी वागणे हे यंत्र चालवण्यासारखे हस्तकौशल्य आहे, त्याचे घटक वेगळे करता येतात आणि सरावाने ते सुधारता येतात. जवळपास त्याच काळात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण विभागाने यंत्राशी संबंध नसलेल्या कामांसाठी सॉफ्ट स्किल्स ही संज्ञा वापरात आणली. आज बालाघाटच्या शासकीय जटाशंकर त्रिवेदी स्नातकोत्तर महाविद्यालयासारख्या संस्थेतून बाहेर पडणारा विद्यार्थी व्यक्तिमत्त्व विकास, गटचर्चा, देहबोली हे शब्द सहज ऐकतो. त्यांचा उगम कारखाना आणि लष्कर यांच्या प्रशिक्षणविचारात आहे.

कायद्याने स्वमग्नतेची दखल उशिरा घेतली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात अपंगत्वांत ती नव्हती आणि म्हणून त्या कायद्याच्या ३ टक्के आरक्षणाचा लाभ स्वमग्न उमेदवाराला नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला नाव दिले, पण त्याचा भर पालकत्वावर आणि संगोपनावर होता. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने चाळीस प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी तयार केली, जीत गुणांकन ४० ते २०० असते आणि ७० पासून पुढे स्वमग्नता धरली जाते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने प्रमाणपत्रासाठी हीच श्रेणी अधिकृत केली. त्याच वर्षीच्या दिव्यांगजन हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, अपंगत्वांची संख्या एकवीस केली, उच्च शिक्षणात ५ टक्के आणि शासकीय नोकरीत ४ टक्के जागा राखल्या, आणि त्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून दिला. यात एक फट राहते. मुलांची तपासणी करणारा २०१३ चा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, म्हणजे महाविद्यालयाचे दार उघडते त्याच वेळी त्या कार्यक्रमाचा हात सुटतो.

प्रशिक्षणाचे आजचे स्वरूप पुढीलप्रमाणे असते. भूमिकाभिनय, म्हणजे मुलाखत किंवा जेवणाच्या सुटीचा प्रसंग खोटा खोटा करून पाहणे. चित्रफितीवरून एखादे वागणे टप्प्याटप्प्याने पाहणे. सामाजिक गोष्टी, म्हणजे एका प्रसंगात काय घडते व का घडते हे साध्या वाक्यांत लिहून ठेवणे, जी पद्धत कॅरल ग्रे यांनी १९९१ मध्ये रूढ केली. आणि आवाज किंवा गर्दी असह्य झाल्यास थांबण्याची परवानगी कशी मागावी याचा सराव. कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगेसन यांनी विकसित केलेला पीअर्स हा अभ्यासक्रम या क्षेत्रात सर्वाधिक परिचित आहे. तो जसाच्या तसा बालाघाटात आणता येणार नाही. लांजीकडच्या मुलाला घरात पोवारी किंवा मराठी, महाविद्यालयात हिंदी आणि मुलाखतीत इंग्रजी बोलावी लागते. साहेबाला सर, शिपायाला भैया, घरमालकिणीला काकू किंवा चाची म्हणावे लागते. तू, तुम्ही आणि आप यांतील निवड वय, जात, पद आणि ओळख यांवरून क्षणात करावी लागते. आणि स्पष्ट नकार क्वचितच उच्चारला जातो, कारण बघू, पाहून सांगतो अशा शब्दांत तो गुंडाळलेला असतो. ज्याला शब्दांचा सरळ अर्थच पटतो अशा तरुणासाठी ही सर्वांत अवघड जागा आहे, आणि अमेरिकेतून आलेल्या पाठात तिचा उल्लेखही सापडणे कठीण. येथील प्रशिक्षणाची सामग्री येथल्या कचेरीत, येथल्या दुकानात, येथल्या बसथांब्यावर बसूनच लिहावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही तसे इतरांनाही त्याचे मन कळत नाही, मग शिकण्याचे सारे ओझे एकाच बाजूवर का टाकावे? हा प्रश्न न्याय्य आहे आणि कोणत्याही प्रशिक्षणाने त्याला बगल देऊ नये. थोर्किल सोने यांनी २००४ मध्ये डेन्मार्कमध्ये काढलेल्या स्पेशलिस्टर्न या कंपनीने मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची निवडपद्धत वापरली, आणि सॅप या जर्मन कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या स्वमग्न कर्मचाऱ्यांच्या योजनेचे आरंभीचे प्रयोग ज्या देशांत झाले त्यांत भारत होता. पॉल वेहमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील रुग्णालयांत अठरा ते एकवीस वयाच्या चाळीस स्वमग्न तरुणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले: ज्या चोवीस जणांना शाळेच्या शेवटच्या वर्षी रुग्णालयातच प्रत्यक्ष काम आणि त्याच जागी सामाजिक व्यवहाराचे मार्गदर्शन मिळाले, त्यांपैकी ८७.५ टक्के नोकरीस लागले. उरलेल्या सोळा जणांत हे प्रमाण ६.२५ टक्के होते. गट लहान होता हे खरे, परंतु वर्गात शिकवलेले वागणे आणि कामाच्या जागी शिकलेले वागणे यांतील अंतर याहून ठळकपणे क्वचितच दिसले असेल.

बालाघाटात अशा जागा नाहीत असे नाही. खाणीची कार्यालये आहेत, २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिन्नोर तांदळाच्या गिरण्या आणि गोदामे आहेत, जिल्हा रुग्णालयाचा नोंदणी कक्ष आहे, ग्रंथालये आहेत, वन खात्याच्या नोंदवह्या आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची चौकटही उपलब्ध आहे. ४ जानेवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने दिव्यांगांसाठी योग्य पदांची जी विस्तृत यादी प्रसिद्ध केली, तीत प्रत्येक पदापुढे बसणे, उभे राहणे, वाकणे, वाचणे-लिहिणे, पाहणे, ऐकणे अशा शारीरिक क्रिया अक्षरसंकेतांनी नोंदवल्या आहेत, आणि संवाद या साऱ्या गुंतागुंतीच्या व्यवहाराला एकच अक्षर दिलेले आहे. त्या एका अक्षरात रजेचा अर्ज, साहेबांचा अर्धवट हुकूम, चहाच्या वेळची थट्टा आणि फोनवरचा अनोळखी आवाज हे सर्व कोंबलेले आहे. पदनिहाय त्याची फोड करणे, म्हणजे एखाद्या टंकलेखकाला किंवा भांडारपालाला दिवसभरात कोणाशी, कशासाठी आणि किती बोलावे लागते ते लिहून काढणे, हे काम जिल्ह्यातील महाविद्यालये आणि कार्यालये मिळून करू शकतात, आणि फडावर पान, गड्डी व बोरी यांची मोजणी ज्या स्पष्टतेने होते तीच स्पष्टता या फोडीत अपेक्षित आहे.